‘एस्क्युलेंट’ : खाण्याजोगं म्हणजे नेमकं काय?

ओपीडीत सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? तर, "डॉक्टर, हे खाल्लं तर चालेल का?" मधुमेह निघाला की "साबुदाणा चालेल का?", मुतखडा निघाला की "धोप्याच्या वड्या बंद करू का?", "भेदरं खाल्लं की खडा होतो म्हणतात, खरं आहे का?" आणि मृग नक्षत्र लागलं की आणखी एक प्रश्न वाढतो : "धुऱ्यावर ही भाजी उगवली आहे, ही खातात का हो?"

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच शब्द आहे, खाण्याजोगं. इंग्रजीत त्याला ‘एडिबल’ म्हणतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. पण त्याच अर्थाचा आणखी एक शब्द इंग्रजीत आहे, ‘एस्क्युलेंट’. हा शब्द बोलण्यात सहसा कुणी वापरत नाही. चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही तो डिक्शनरीत बघावा लागतो. तरीही हा शब्द आपल्या ताटात रोज असतो. भेंडीचं शास्त्रीय नाव अबेलमॉस्कस एस्क्युलेंटस. अळूचं, म्हणजे आपल्याकडच्या धोप्याचं, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्याचं नाव मॅनिहॉट एस्क्युलेंटा. म्हणजे एकादशीला साबुदाण्याची उसळ खाऊन दुसऱ्या दिवशी भेंडी आणि धोप्याची वडी खाल्ली, तर दोन दिवसांत तीन ‘एस्क्युलेंट’ पोटात गेले.

आजच्या लेखात या शब्दाचा इतिहास बघू. आरोग्याच्या ब्लॉगवर शब्दाचा इतिहास कशाला, असं वाटेल. पण "हे खाल्लं तर चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं, ते या इतिहासातून चांगलं समजतं.

शब्दाचं घराणं

लॅटिन भाषेत ‘एडेरे’ म्हणजे खाणे. त्याच्याच कुळातला शब्द ‘एस्का’, म्हणजे अन्न. एस्कापासून ‘एस्क्युलेंटस’ झाला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजीत ‘एस्क्युलेंट’ म्हणून आला. ‘एडिबल’ हा त्याचा सख्खा भाऊ, तोही एडेरेपासूनच आलेला.

हे घराणं आपल्याला परकं नाही. संस्कृतमधला ‘अद्’ हा धातू, त्याचाही अर्थ खाणे. त्यापासून ‘अन्न’ हा शब्द तयार झाला. संस्कृतचा अद्, लॅटिनचा एडेरे आणि इंग्रजीचा ‘ईट’ हे तिन्ही एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ‘अन्न’ आणि ‘एडिबल’ हे लांबचे नातेवाईक आहेत.

डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातही या घराण्यातले शब्द आहेत. ‘ओबीज’ म्हणजे स्थूल, हा शब्द एडेरेपासूनच आला. खाऊन खाऊन जाड झालेला, असा त्याचा लॅटिन अर्थ. चेहऱ्यावरच्या काळ्या टोकाच्या पुटकुळ्यांना आम्ही ‘कॉमेडो’ म्हणतो. लॅटिनमध्ये कॉमेडो म्हणजे खादाड. पुटकुळी दाबल्यावर बाहेर येणारा पांढरा धागा अळीसारखा दिसतो, म्हणून शरीर खाणाऱ्या किड्याचं नाव त्याला मिळालं. तो किडा नसतो, साचलेला तेलकट पदार्थ असतो. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

एस्का या शब्दाला दुसराही एक अर्थ होता. मासे किंवा पक्षी पकडायला जे खाद्य लावतात, त्यालाही रोमन लोक एस्काच म्हणत. आपल्याकडे अगदी असंच झालं आहे. ‘आमिष’ म्हणजे मांस, म्हणून सामिष आणि निरामिष जेवण. आणि ‘आमिष दाखवणे’ म्हणजे फसवायला काहीतरी समोर धरणे. दोन वेगवेगळ्या भाषांना अन्नाच्या शब्दात गळाला लावलेला तुकडा दिसला, याचा अर्थ जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की माहीत होती : जे खाण्यासारखं दिसतं, ते प्रत्येक वेळी आपल्या भल्याचं नसतं.

आता शब्दाचा शेवट बघा. ‘-युलेंट’ हा प्रत्यय ‘भरपूर असलेला’ या अर्थाने लागतो. पू भरलेल्या जखमेला आम्ही ‘प्युरुलेंट’ म्हणतो. जास्त घातक जंतूला ‘व्हिरुलेंट’ म्हणतो. या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘व्हायरस’ आहे आणि त्याचा मूळ अर्थ विष. आपला ‘विष’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. म्हणजे एस्क्युलेंट आणि व्हिरुलेंट एकाच साच्यातले शब्द आहेत. एक अन्नाने भरलेला, दुसरा विषाने भरलेला. पुढे आपण बघणार आहोत की एकच वनस्पती या दोन्ही शब्दांना लायक असू शकते.

झाडांना आडनाव कुणी दिलं?

स्वीडनचे कार्ल लिनियस हे मूळचे डॉक्टर. त्यांनी १७५३ साली ‘स्पेसीज प्लांटेरम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या जातीची ओळख सांगणारा. हा दुसरा शब्द अनेकदा त्या झाडाचा माणसाला होणारा उपयोग सांगतो. तो वाचता आला की शास्त्रीय नावं बरीच सोपी होतात.

‘सटायव्हा’ किंवा ‘सटायव्हम’ म्हणजे पेरलेलं, लागवडीचं. भात, लसूण, कोथिंबीर, काकडी यांच्या नावात तो आहे. ‘ओलेरेशिया’ म्हणजे भाजीचं. पालक आणि कोबी तर त्यात आहेतच, पण आपल्या शेतात आपोआप उगवणारी घोळ, तीही पोर्टुलाका ओलेरेशिया. ‘ऑफिसिनाले’ म्हणजे औषधांच्या कोठीतलं, जसं आलं. आणि ‘एस्क्युलेंटा’ म्हणजे खाण्याजोगं.

लिनियस यांनी भेंडीला हे विशेषण दिलं, अळूला दिलं. पुढे इतरांनी कुळाचं नाव बदललं, पण एस्क्युलेंट तसंच राहिलं. टोमॅटोची गोष्ट याहून गमतीची आहे. वांगी, बटाटा आणि धोत्रा यांच्या कुळातलं हे फळ अमेरिकेतून युरोपात आलं, तेव्हा पुष्कळ लोक त्याला विषारी समजून बागेत नुसतं शोभेला लावत. त्याच्या लायकोपर्सिकॉन या कुळनावाचा अर्थ ‘लांडग्याचं पीच’. १७६८ साली फिलिप मिलर या इंग्रज बागतज्ज्ञाने त्याला लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम म्हटलं. म्हणजे ‘लांडग्याचं, पण खाण्याजोगं पीच’! आता शास्त्रज्ञ त्याला पुन्हा सोलॅनम कुळातच धरतात आणि नावातून एस्क्युलेंटम गेलं. तोवर जगभर भेदऱ्याची चटणी सुरू झाली होती, त्यामुळे प्रमाणपत्राची गरजही उरली नव्हती.

(जाता जाता : टोमॅटोच्या बियांमुळे मुतखडा होतो, हा गैरसमज आहे. बिया किडनीपर्यंत पोचतच नाहीत, आणि टोमॅटोत ऑक्झलेट फार नसतं.)

ताटातले तीन ‘एस्क्युलेंट’

आता आपल्या तिघांकडे वळू. तिघांचं आडनाव एक, पण स्वभाव अगदी वेगळे.

भेंडी सगळ्यात सरळ. ती आपल्या पऱ्हाटीची नातेवाईक. दोघींची फुलं शेजारी ठेवून बघा, नातं लगेच दिसेल. भेंडी कच्ची खाल्ली तरी अपाय नाही. तिचा चिकटपणा म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ, तो पोटाला चांगलाच. मात्र रात्री भेंडी भिजवून सकाळी ते पाणी पिऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारे लोक मला भेटतात. भेंडी ही भाजी आहे. ती भाजी म्हणून खावी, गोळीची जागा तिला देऊ नये.

अळूचं तसं नाही. धोप्याच्या पानात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया असतात. कच्चं पान चावलं तर त्या जिभेत आणि घशात टोचतात, खाज सुटते, कधी ओठ सुजतात. झाडाची ही स्वतःची राखण आहे. म्हणून आपल्या आज्यांनी नियम करून ठेवला : देठं सोलायची, पान चांगलं शिजवायचं, सोबत चिंच घालायची. उकळून पाणी फेकलं तर विरघळणारं ऑक्झलेटही बरंच कमी होतं. ऑक्झलेटचा मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी धोपा आणि पालक कमी खावा, आणि खाल्लाच तर त्या जेवणात दही किंवा ताक घ्यावं. त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, किडनीपर्यंत कमी जाऊ देतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात मुख्य पथ्य मात्र एकच, भरपूर पाणी.

तिसरा मॅनिहॉट एस्क्युलेंटा, म्हणजे कसावा किंवा टॅपिओका. हा दक्षिण अमेरिकेचा कंद. पोर्तुगिजांबरोबर तो आफ्रिकेत आणि भारतात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. साबुदाणा आधी मलाया भागातल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून बनायचा. १९४० च्या दशकात, महायुद्धामुळे ती आयात अडली तेव्हा तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. आज आपल्या उपासाचा साबुदाणा मुख्यतः तिकडूनच येतो.

या कंदात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कच्चा कंद चावला किंवा किसला की त्यातून सायनाइड सुटतं. गोड जातीत ते कमी असतं, कडू जातीत बरंच जास्त. अमेरिकेतल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी यावर उपाय शोधला : सोला, किसा, भिजवा, पिळा, वाळवा, भाजा. साबुदाण्याच्या कारखान्यातही कंद सोलून, वाटून, त्याचं सत्त्व पाण्यात निवळवून घेतात. विष पाण्याबरोबर जातं आणि उरतो निव्वळ स्टार्च. म्हणून साबुदाणा खाऊन सायनाइडची भीती बाळगायचं कारण नाही. पण निव्वळ स्टार्च उरला म्हणूनच मधुमेही माणसाची साखर त्याने झपाट्याने वाढते, हेही तितकंच खरं.

म्हणजे लिनियसच्या परंपरेने तिघांनाही ‘खाण्याजोगं’ म्हटलं, पण भेंडी जन्मतःच खाण्याजोगी आहे, अळूला चूल आणि चिंच खाण्याजोगं करते आणि कसाव्याला पाणी, ऊन आणि दोन-तीन दिवसांचे कष्ट.

नावात एस्क्युलेंटा, पोटात विष

याचं टोकाचं उदाहरण एका भूछत्राचं आहे. १८०० साली पर्सून या शास्त्रज्ञाने युरोपातल्या एका मेंदूसारख्या सुरकुतलेल्या भूछत्राला ‘एस्क्युलेंटा’ हे विशेषण दिलं. आज त्याचं नाव जायरोमिट्रा एस्क्युलेंटा आहे. हे कच्चं किंवा नीट न शिजवता खाल्लेल्या माणसांना उलट्या, झटके, यकृत निकामी होणं, असा त्रास होतो आणि मृत्यूही झाले आहेत. त्यातलं जायरोमिट्रिन हे विष १९६८ साली ओळखलं गेलं. शरीरात त्याचं असं रसायन बनतं, जे अग्निबाणाचं इंधन म्हणून वापरतात. फिनलंडमध्ये हे भूछत्र आजही आवडीने खाल्लं जातं, पण भरपूर पाण्यात दोनदा उकळून आणि दोन्ही वेळचं पाणी फेकून. ताजं विकताना ही सूचना ग्राहकाला द्यावीच लागते.

या विषाने येणाऱ्या झटक्यांवर आम्ही बी-६ जीवनसत्त्व देतो. टीबीच्या रुग्णाला आयसोनियाझिडच्या गोळीबरोबर बी-६ का देतात, असं अनेक जण विचारतात. कारण तेच आहे. ती गोळीही याच रासायनिक घराण्यातली, शरीरातल्या बी-६ च्या कामात अडथळा आणणारी. म्हणून टीबीच्या गोळ्यांबरोबरची ती छोटी गोळी फालतू समजून टाकू नका.

भूक घाईत असते तेव्हा

इथपर्यंतची गोष्ट चूल पेटलेली असताना, पाणी आणि वेळ हाताशी असतानाची आहे. दुष्काळात काय होतं?

१९८१ साली आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या उत्तर भागात मोठा दुष्काळ होता, देशात लढाईही चालू होती. इतर पिकं गेली, कडू कसावा तेवढा तगला. उपाशी माणसाला कंद तीन दिवस भिजवायला आणि आठवडाभर वाळवायला धीर कुठला? लोकांनी प्रक्रिया अर्धी सोडली. हजाराहून अधिक माणसांचे, त्यात बहुसंख्य बाया आणि मुलं, पाय एकाएकी कडक होऊन लुळे पडले. हा आजार काँगोमध्ये १९३८ सालीच नोंदला गेला होता. तिथल्या भाषेत त्याला ‘कोंझो’ म्हणतात, म्हणजे बांधलेले पाय. शेकडो वर्षं जे अन्न होतं, तेच अन्न एका हंगामात विष झालं. कंद तोच होता, बदललेली होती माणसाची परिस्थिती.

आपल्याला मोझांबिकपर्यंत जायची गरज नाही. असाच आजार आपल्या शेजारी होता. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, धानाच्या बांधीत ओल असतानाच लाखोळी फेकतात. मशागत नाही, पाणी नाही, तरी ती येते. हिचं शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस, म्हणजे ‘लागवडीची’. नावात कुठेही धोक्याची खूण नाही. पण तिच्या दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दोन-तीन महिने किंवा जास्त काळ मुख्य अन्न म्हणून नुसती लाखोळीच पोटात गेली, तर हे द्रव्य मज्जारज्जूतल्या चेतापेशींना इजा करतं. माणूस काठी टेकत, पाय कात्रीसारखे टाकत चालू लागतो. त्याला लॅथिरिझम म्हणतात. गेलेली ताकद परत येत नाही.

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकिगत लिहून ठेवली आहे. पुढे सागर आणि आपला वर्धा जिल्हा एकाच मध्यप्रांतात होते. १८२९ पासून तिथे ओळीने गव्हाची पिकं बुडाली. गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारी आणि एरवी ढोरांना घालायची तिवडा, म्हणजे आपली लाखोळी, तेवढी चांगली आली. लोकांनी तीच खाल्ली. वर्ष-दोन वर्षांत गावोगावचे तरुण कमरेखाली अधू झाले. मोठ्या शेतकऱ्याकडे साठवणीचा गहू होता. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्याकडे लाखोळी होती.

या विषाचा नेमका शोध १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी लावला. त्याआधीच, १९६१ साली, केंद्राच्या अन्नभेसळ नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणणारी तरतूद झाली. ती कधीपासून लागू करायची हे राज्यांवर सोपवलं होतं. नंतर शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी ओडॅप असलेल्या जाती तयार केल्या. आज आहार पुष्कळ सुधारल्यामुळे हा आजार क्वचितच दिसतो. सोबत भात, गहू, भाजी असेल तर अधूनमधून खाल्लेल्या लाखोळीच्या डाळीने पाय जात नाहीत. डाळ गरम पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर ओडॅप बरंच कमी होतं. पण तीच एक डाळ रोज, महिनोन्महिने, दुसरं काही नाही, हे कधीही नको.

कोंझो आणि लॅथिरिझम, दोन खंडांतले, दोन वेगळ्या वनस्पतींचे आजार. पण रुग्ण सारखाच चालतो आणि कारणही एकच असतं. विष त्या दाण्यात आणि कंदात नेहमीच होतं. ते शरीराबाहेर ठेवणारं दुसरं अन्न, पाणी, सरपण आणि वेळ गरिबाजवळून गेले, तेव्हा ते पायांत उतरलं.

वर्ध्याची मगनवाडी

खाण्याजोगं काय, हा प्रश्न आपल्या वर्ध्यात एकेकाळी फार गांभीर्याने विचारला गेला होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं मुख्य ठाणं वर्ध्याला आलं. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचं नाव मगनवाडी झालं. जे. सी. कुमारप्पा संघाचे सचिव होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांबरोबर तिथे आहाराचेही प्रयोग चालत. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः मगनवाडीत राहत होते आणि सोयाबीन जेवणात आणून बघत होते. पुढे हेच सोयाबीन आपल्या जिल्ह्यातलं मोठं पीक होईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल!

त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये त्यांनी हिरव्या पाल्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : खेड्यातला माणूस भात-डाळ किंवा भाकरी आणि तिखट यावर जगतो, त्याच्या जेवणात जीवनसत्त्वं कमी पडतात. ती भरून काढणारा पाला गावातच, नुसत्या खुडण्याच्या मेहनतीवर मिळतो. रानगवतात दडलेल्या असंख्य पाल्यांपैकी कोणता खाण्याजोगा, कोणता पौष्टिक, याचा बारकाईने अभ्यास व्हायला हवा. आणि पाला पुनःपुन्हा धुवून घ्यावा, हेही त्यांनी बजावलं होतं.

त्यानंतर १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. कोणत्या पाल्यात किती लोह, किती कॅल्शियम, हे आकड्यांत मिळू लागलं. तीच परंपरा पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने चालवली. आज आहारतज्ज्ञ तुम्हाला जो तक्ता देतात, तो याच कामावर उभा आहे.

गांधीजींच्या त्या लिखाणात डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी ‘नैसर्गिक आहे म्हणून खा’ असं म्हटलं नाही. ओळखा, तपासा, धुवा, थोडं खाऊन बघा, असं म्हटलं.

आजचा धोका : मोबाइलवरचं ‘खाण्याजोगं’

आज दुष्काळाची घाई नाही, पण मोबाइलवरच्या मेसेजची घाई आहे. रोज कोणत्या ना कोणत्या पाल्याचा रस ‘सर्व रोगांवर’ म्हणून फिरतो.

दुधी भोपळ्याचं उदाहरण घ्या. शिजवलेली दुधीची भाजी पचायला हलकी, आजाऱ्याला द्यायची. पण कच्चा रस पिण्याची लाट आली आणि कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब घसरणं असे रुग्ण येऊ लागले. देशात मृत्यूही झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमावी लागली. कडूपणा देणारं कुकुर्बिटासिन हे त्याचं कारण. त्यावर उतारा नाही. भाजी करणारी बाई दुधीचा तुकडा चाखून बघते आणि कडू निघाला तर फेकते. रस पिणारा मात्र ‘कडू म्हणजे औषधी’ म्हणत नाक दाबून ग्लास संपवतो. इथे स्वयंपाकघरातलं शहाणपण मेसेजपुढे हरतं.

दुसरं उदाहरण चंद्रज्योतीचं, म्हणजे मोगली एरंडाचं. शेताच्या आणि शाळेच्या कुंपणाला हे झाड असतं. बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात, एकाचं पाहून दुसरा खातो, आणि मग पाच-दहा मुलं एकदम उलट्या करत दवाखान्यात येतात. वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात. पण मुलांना हे झाड आधीच दाखवून ठेवलेलं बरं.

म्हणून काही साधे नियम :

• रानभाजी जरूर खा. तरोटा, घोळ, केना, कुंजर या आपल्या जुन्या, चांगल्या भाज्या आहेत. पण ओळखणाऱ्या माणसाने खुडलेलीच खा. फोटोवरून किंवा मोबाइलच्या ॲपवरून ओळख पटवू नका.

• फवारणी झालेल्या शेतातली किंवा नाल्याकाठची भाजी नको.

• घरात जी रीत चालत आली आहे, उकळणं, पाणी फेकणं, चिंच घालणं, ती मोडू नका. भाजीची रीत असताना तिचा कच्चा रस करू नका.

• दुधी, काकडी, दोडका कडू लागला की फेका. तुकडा आधी चाखा.

• जंगली भूछत्र खात्रीच्या ओळखीशिवाय कधीही नको. सहा तासांनंतर सुरू झालेल्या उलट्या जास्त धोक्याच्या असतात.

• एकच पदार्थ रोज, भरपूर आणि महिनोन्महिने, असं ‘पथ्य’ कुणी सांगितलं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. किडनी, यकृत, मधुमेह यांच्या रुग्णांनी तर नक्कीच.

• त्रास झालाच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उरलेली भाजी, बी किंवा फांदी पिशवीत घालून रुग्णासोबत लगेच दवाखान्यात आणा. उपचार ठरवायला तिची मोठी मदत होते.

शेवटी

एस्क्युलेंट हा शब्द झाडाबद्दल बोलतो. आपल्या परंपरेत त्याहून उपयोगी शब्द आहे, ‘पथ्य’. तो पथ म्हणजे वाट या शब्दापासून आला. जे शरीराच्या वाटेला मानवतं ते पथ्य. तो शब्द लगेच पुढचे प्रश्न विचारायला लावतो : कुणाला, किती, कशाबरोबर, कसं शिजवून, कोणत्या ऋतूत? तैत्तिरीय उपनिषदात अन्न या शब्दाची फोड करताना म्हटलं आहे की अन्न खाल्लंही जातं आणि तेही प्राण्यांना खातं. मधुमेह आणि लठ्ठपणाच्या या काळात हे अगदी पटतं.

आणि एक गोष्ट विसरायला नको. सागरच्या त्या तरुणांना किंवा मोझांबिकच्या त्या बायांना आपण काय खातो आहोत हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे निवड नव्हती. म्हणून ज्याच्या घरी रोज एकच धान्य आणि एकच डाळ शिजते, त्याला पथ्याचा कागद देण्याआधी डॉक्टरने विचारायला हवं, "घरात आणखी काय आहे?" रेशनवर डाळ, अंगणवाडीत अंडं आणि परसात दोन भाज्यांचे वाफे असतील, तर कितीतरी आजार दवाखान्यापर्यंत येणारच नाहीत.